१५ मीटर एचडीएमआय आणि मधूनच काळा होणारा पडदा: दोष नेमका कुठे, हे कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत १५ मीटर अंतर आहे. १० मीटरची एक आणि ५ मीटरची एक अशा दोन एचडीएमआय केबल कपलरने जोडल्या आहेत. फोर-के ६० हर्ट्झवर चित्र येतं, पण पांढरे ठिपके चमकतात, अधूनमधून दोन सेकंद पडदा काळा होतो आणि कधी सुरुवातीलाच 'नो सिग्नल' दिसतं. २ मीटरची केबल लावली की सगळं सुरळीत चालतं. लांब केबल एकदा बदलून पाहिली, फरक पडला नाही. आता आणखी महाग केबल घ्यावी का?

आत्ता लगेच घेऊ नका. १५ मीटरवर फोर-के ६० हर्ट्झ साध्या तांब्याच्या केबलमधून नेणं हेच मुळात अवघड आहे. त्याच जातीची तिसरी केबल आणलीत तर बहुधा हेच पुन्हा दिसेल. दोन केबलवर सारखाच त्रास झाला म्हणून केबल निर्दोष ठरत नाही. दोन्ही वेळा लांबी तीच होती, कपलर तोच होता आणि रिझोल्यूशनही तेच होतं.

'केबल चांगली की वाईट' या प्रश्नाला सरळ उत्तर नसतं. जी केबल १०८०पीवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते, तीच फोर-के ६० हर्ट्झवर मान टाकते. किती वेगाचा सिग्नल, किती लांबीतून आणि किती जोडांमधून जातोय, हे तिन्ही एकत्र पाहावं लागतं. १०८०पी ६० हर्ट्झला एचडीएमआयच्या प्रत्येक डेटा जोडीतून सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिट जातात. फोर-के ३० हर्ट्झला हा आकडा सुमारे ३ होतो आणि फोर-के ६० हर्ट्झला, पूर्ण रंगात, जवळजवळ ६. अशा तीन जोड्या मिळून १८ गिगाबिटचा तो प्रसिद्ध आकडा येतो. वेग वाढला की तांब्यात आणि तारेभोवतीच्या प्लास्टिकमध्ये सिग्नल जास्त विरतो. लांबी वाढली की तेच होतं. म्हणून दोन्ही एकदम वाढवलं की केबल अचानक 'बिघडल्यासारखी' वाटते.

विरण्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक जोडीतल्या दोन तारांची लांबी अगदी सारखी असावी लागते. केबलमध्ये सिग्नलला एक मीटर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे एक सेंटिमीटरला ५० पिकोसेकंद. फोर-के ६० हर्ट्झला एका बिटचा पूर्ण अवधीच सुमारे १६८ पिकोसेकंद असतो. त्यामुळे १५ मीटरमध्ये दोन तारांत एका सेंटिमीटरचा फरक पडला तरी पाव बिटाहून जास्त वेळ हातचा जातो. १०८०पीला एक बिट सुमारे ६७० पिकोसेकंदांचा असतो, तिथे हाच फरक सहज खपतो. कपलरचा त्रासही याच कारणाने वेगाबरोबर वाढतो. जोडाच्या जागी तारांची ठेवण बदलते, सिग्नलचा काही भाग मागे परततो आणि पुढच्या बिटांवर आदळतो. शक्य असेल तिथे मधला जोड मी ठेवतच नाही. १५ मीटरची एकसंध केबल ही १० अधिक ५ पेक्षा केव्हाही बरी.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. एचडीएमआयच्या एकाच वेष्टनात वेगवान जोड्यांखेरीज काही संथ तारा असतात, आणि त्या वेगळ्याच कारणांनी बिघडतात. १८ क्रमांकाच्या पिनवरून लॅपटॉप ५ व्होल्ट पाठवतो. १९ क्रमांकावरून पडदा 'मी जोडलेलो आहे' असं कळवतो, याला हॉट-प्लग म्हणतात. १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनवर डीडीसीच्या दोन तारा असतात. त्यांवरून पडदा आपली क्षमता सांगतो, म्हणजेच ईडीआयडी पाठवतो, आणि कॉपी-संरक्षणाची म्हणजे एचडीसीपीची देवाणघेवाणही तिथूनच होते. डीडीसीचा वेग फक्त १०० किलोहर्ट्झ असतो, तरी लांब केबलमध्ये तारांची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार धरून ठेवण्याचा गुण, वाढत जाते आणि सिग्नलच्या कडा आळसावतात. मानकानुसार केबलला ७०० पिकोफॅरडची मर्यादा आहे, आणि स्वस्त लांब केबल ती सहज ओलांडू शकते. ५ व्होल्टचं गणितही बघा. ३० एडब्ल्यूजी जाडीच्या (या मापात आकडा जितका लहान तितकी तार जाड) तारेचा रोध मीटरला सुमारे ०.३४ ओहम असतो, म्हणजे १५ मीटरला ५ ओहम. लॅपटॉपच्या पोर्टने किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत एवढीच मानकाची अपेक्षा आहे. तेवढ्या प्रवाहाला जाणाऱ्या तारेतच पाव व्होल्टहून जास्त पडतो, परतीच्या वाटेवर आणखी थोडा. दुसऱ्या टोकाला चिप असलेली अॅक्टिव्ह केबल असेल, तर तिला याच उरलेल्या व्होल्टेजवर जगावं लागतं.

या दोन बाजू लक्षात घेतल्या की लक्षणं वाचता येतात. पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकणं, आडव्या रेघा उमटणं हे वेगवान जोड्यांवरच्या बिट-चुकांचं लक्षण आहे. हेच वाढत गेलं की पडद्याचा ताळमेळ सुटतो आणि एक-दोन सेकंद काळोख होतो. अजिबात चित्र नसणं, रिझोल्यूशन ६४० बाय ४८० किंवा १०२४ बाय ७६८ वर अडकणं, पडद्याचं नाव न ओळखलं जाणं हे बहुधा संथ तारांचं काम. विंडोजमध्ये 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' दिसलं तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे. 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' दिसलं, तर मात्र ईडीआयडी पोचलेला नाही असं समजा. संपूर्ण चित्र गुलाबी किंवा हिरवट दिसत असेल तर केबलला दोष देण्याआधी लॅपटॉप आरजीबी पाठवतोय आणि पडदा वायसीबीसीआर (रंग सांगण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती) समजतोय का, हे दोन्हीकडच्या सेटिंगमध्ये तपासा.

तुमच्याकडे ठिपकेही आहेत, काळोखही आहे आणि 'नो सिग्नल'ही. म्हणजे वेगवान जोड्या काठावर आहेत हे जवळजवळ नक्की, आणि संथ तारांवर संशय आहे. दोन्ही वेगवेगळे तपासू.

पहिलं काम म्हणजे केबलला हात न लावता भार कमी करणं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट ६० वरून ३० करा. भार थेट निम्मा होतो. ठिपके आणि काळोख दोन्ही गायब झाले, तर दोष वेग आणि लांबीच्या गणितात आहे, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर ठणठणीत आहेत. ३० वरही थोडे ठिपके राहिले तर १०८०पी ६० करा, तिथेही राहिले तर ७२०पी. १०८०पीलाही ठिपके दिसत असतील तर प्रकरण लांबीपलीकडचं आहे. वाकलेली पिन, ढिला कपलर, खिळ्याखाली चेपलेली केबल असं काहीतरी सापडेल. प्रत्येक पायरीवर निदान दहा-पंधरा मिनिटं द्या. काठावरची केबल पहिली दोन मिनिटं अनेकदा छान वागते. चाचणीसाठी बारीक पोत असलेलं रंगीत छायाचित्र पूर्ण पडद्यावर ठेवा आणि गडद भागांकडे लक्ष द्या, चुकार ठिपके तिथे पटकन दिसतात.

इथे दोन गोष्टी उलट्या वाटतात, पण त्या खऱ्या आहेत. १०८०पी १२० हर्ट्झ आणि फोर-के ३० हर्ट्झ यांचा केबलवरचा भार सारखाच असतो, त्यामुळे '१०८०पीच तर आहे' म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसरी रंगाच्या सेटिंगची. फोर-के ६० हर्ट्झ ठेवून रंग ४:२:० केला, म्हणजे उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची पावपट पाठवली, की भार निम्मा होतो. पण ४:२:२ केला, म्हणजे रंगाची माहिती निम्मी पाठवली, तर १८ गिगाबिटच्या एचडीएमआयमध्ये भार आठ बिटांच्या पूर्ण रंगाइतकाच राहतो. चित्रपट आणि व्हिडिओसाठी ४:२:० उत्तम. बारीक अक्षरं वाचायची असतील तर अक्षरांच्या कडांना रंगाची झाक येते, आणि ती डोळ्यांना खुपते. एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त मोठा फरक दाखवणारी सेटिंग) चालू असेल तर चाचणीपुरतं बंद ठेवा. फोर-के ६० हर्ट्झ, ४:२:० आणि १० बिट मिळून भार ११ गिगाबिटच्या वर जातो.

दुसरं काम, मधला कपलर काढून फक्त १० मीटरची केबल जोडणं. लॅपटॉप उचलून प्रोजेक्टरच्या जवळ न्या. याने दोन गोष्टी कळतात. १० मीटरवर सगळं स्वच्छ चाललं, तर उरलेले ५ मीटर आणि जोड यांनी तोल घालवला. १० मीटरवरही ठिपके आले, तर ती केबल फोर-के ६० साठी नाहीच. मग ५ मीटरची एकटी लावून बघा, म्हणजे दोन्हींपैकी एखादी मुळातच सदोष आहे का तेही कळेल. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट नसून टाइप-सी अडॅप्टर किंवा डॉक असेल, तर तो दुसऱ्या अडॅप्टरशी बदलून पाहा. पुष्कळ अडॅप्टर ३० हर्ट्झपुरतेच असतात, आणि काहींचं ५ व्होल्ट आउटपुट इतकं अशक्त असतं की छोट्या केबलवर चालतं आणि लांब केबलवर कोसळतं. चालू केल्यावर तासाभराने त्रास सुरू होत असेल तर अडॅप्टरला किंवा अॅक्टिव्ह केबलच्या डोक्याला हात लावून बघा. चटका बसण्याइतकं गरम असेल तर संशयित सापडला.

आता 'नो सिग्नल'. प्रोजेक्टर आधी चालू करा, पूर्ण उठू द्या आणि मग लॅपटॉप जोडा. या क्रमाने दर वेळी चित्र येत असेल आणि उलट क्रमाने येत नसेल, तर अडचण ईडीआयडी किंवा हॉट-प्लगच्या वाटेवर आहे. फोर-के ६० ला एक खास बारकावा आहे. या वेगाला लॅपटॉप बिट मुद्दाम विस्कटून पाठवतो, आणि 'आता विस्कटलेलं येणार' ही सूचना त्याच संथ डीडीसी तारांवरून पडद्याला देतो. सूचना पोचली नाही तर वेगवान जोड्या धडधाकट असूनही पडदा काळाच राहतो. म्हणून ३० हर्ट्झला स्वच्छ चित्र आणि ६० ला पहिल्या क्षणापासून कोरा काळोख, एकही ठिपका नाही, असं असेल तर संथ तारांकडेही बघायला हवं. अशा वेळी लॅपटॉपच्या टोकाला ईडीआयडी एम्युलेटर, म्हणजे पडद्याऐवजी स्वतःच ईडीआयडी पुरवणारा छोटा डबा, लावण्याचा सल्ला मिळतो. रिझोल्यूशन अडकणं त्याने सुटतं. पण तो डीडीसी पुढे जाऊ देत नसेल तर ही सूचनाही त्याच्यापाशीच थांबते आणि फोर-के ६० चालत नाही. विकत घेण्याआधी हे विचारा.

एचडीसीपी वेगळं काढायला सोपं आहे. डेस्कटॉपवर नुसतं छायाचित्र ठेवून अर्धा तास काळोख होत नसेल आणि संरक्षित चित्रपट लावल्यावरच होत असेल, तर शंका एचडीसीपीवर घ्या. लॅपटॉप सहसा संरक्षित मजकूर लागल्यावरच ते चालू करतो. जुन्या एचडीसीपीत दर १२८ फ्रेमना, म्हणजे ६० हर्ट्झला साधारण दर दोन सेकंदांनी, दोन्ही टोकांची पडताळणी होते. त्यामुळे तिथला काळोख बऱ्यापैकी ठरावीक अंतराने येतो. वेगवान जोड्यांच्या चुकांमुळे होणारा काळोख अनियमित असतो आणि त्याच्या आगेमागे ठिपके दिसतात. काळोख पंखा, दिवा किंवा मोटर चालू-बंद करताना होत असेल, किंवा कोणी खुर्चीवरून उठताना होत असेल, तर बाहेरचा विद्युत धक्का आत शिरतोय. केबल विजेच्या तारांपासून लांब न्या आणि लांबून धावणारी अॅक्टिव्ह केबल असेल तर तिच्या दोन्ही टोकांचे प्लग पक्के बसलेत का ते बघा.

या चाचण्यांनंतरच खरेदीकडे वळा. तुम्हाला ३० हर्ट्झ किंवा ४:२:० चालणार असेल, तर कदाचित एकसंध जाड केबलने भागेल. फक्त चित्रपट पाहायचे असतील तर ही तडजोड माझ्या मते अगदी योग्य आहे, बहुतेक चित्रपट २४ फ्रेमचेच असतात. संगणकावर काम करायचं असेल तर ३० हर्ट्झला माउस जड वाटतो, तिथे ६० हवंच.

साध्या तांब्याच्या केबलकडून मी काय अपेक्षा ठेवतो ते सांगतो. २४ ते २६ एडब्ल्यूजीची जाड, चांगली केबल १०८०पी ६० साठी १० ते १५ मीटरपर्यंत जाते. फोर-के ३० साठी ७ ते १० मीटर. फोर-के ६० साठी ५ मीटर, त्यापुढे नशिबाचा भाग सुरू होतो. एचडीएमआय २.१ च्या ४८ गिगाबिटसाठी ३ मीटरपर्यंत निर्धास्त, ५ मीटरला प्रमाणित केबल शोधून घ्यावी. हे आकडे केबलच्या बनावटीवर आणि दोन्ही बाजूंच्या चिपवर अवलंबून असतात, म्हणून एकीकडे चाललेली केबल दुसरीकडे चालेलच असं नाही. वेष्टनावरचा '२.०' किंवा '२.१' हा आकडा केबलची वर्गवारी सांगत नाही. १८ गिगाबिटसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' आणि ४८ साठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असं लिहिलेलं, स्कॅन करता येणारं प्रमाणपत्राचं लेबल बघा. ते लेबल त्याच लांबीच्या केबलचं आहे ना, हेही पाहा. सोन्याचा मुलामा गंजापासून वाचवतो, लांबीला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या १५ मीटरला, फोर-के ६० पूर्ण रंगात हवं असेल तर मी ऑप्टिकल एचडीएमआय केबल सुचवेन. तिच्यात तीन डेटा जोड्या आणि घड्याळाची चौथी जोडी यांच्या जागी काचेचे चार तंतू असतात. दोन्ही टोकांच्या प्लगमध्येच विजेचं प्रकाशात आणि प्रकाशाचं विजेत रूपांतर होतं, त्यामुळे १५ आणि ३० मीटर यांत फारसा फरक पडत नाही. १५ मीटरला अॅक्टिव्ह तांब्याची केबलही चालू शकते, पण ती तिच्या मर्यादेच्या टोकाला असते. दोन्हींना दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक लॅपटॉपकडे आणि 'डिस्प्ले' लिहिलेलं पडद्याकडे. उलट लावली तर चित्र येत नाही, आणि भिंतीत ओढून झाल्यावर हे कळणं फार त्रासाचं असतं. ऑप्टिकल केबलमध्येही संथ तारा बहुधा तांब्याच्याच असतात आणि प्लगमधल्या चिपला तेच ५ व्होल्ट लागतात. म्हणून लॅपटॉपचं पोर्ट अशक्त असेल तर बाहेरून यूएसबीने वीज देता येईल अशी केबल निवडा. तिला टोकदार वळण देऊ नका, वळणाची त्रिज्या निर्मात्याने दिलेल्या किमान त्रिज्येपेक्षा कमी होऊ देऊ नका आणि ओढताना कधीही प्लगला धरून ओढू नका. आधीच्या कपलरमधून ती जोडण्याचा मोहही टाळा.

अंतर ३० मीटरच्या पुढे असेल किंवा भिंतीत आधीच नेटवर्कची केबल असेल, तर एचडीबेसटी एक्स्टेंडरचा, म्हणजे एचडीएमआयचं चित्र नेटवर्कच्या केबलवरून नेणाऱ्या डब्यांच्या जोडीचा, विचार करा. कॅट-६ किंवा कॅट-६ए, शुद्ध तांब्याची, सलग एकसंध तारेची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको. दोन्ही टोकांना तारा सारख्याच क्रमाने, म्हणजे टी५६८बी या रंगक्रमाने, सरळ. मधे राउटर किंवा स्विच लावायचा नाही, आणि उरलेली केबल घट्ट गुंडाळून ठेवायची नाही. जुन्या पिढीचा एचडीबेसटी १०.२ गिगाबिटपर्यंतच नेतो, त्यामुळे फोर-के ६० पूर्ण रंगात हवं असेल तर तो चित्र दाबून पाठवतो. १८ गिगाबिट न दाबता हवे असतील तर एचडीबेसटी ३.० लिहिलेली जोडी घ्या. नुसतं 'कॅट-६ वरून एचडीएमआय' लिहिलेले स्वस्त डबे वेगळ्याच पद्धतीचे असतात. पुष्कळसे चित्र दाबून नेटवर्कसारखं पाठवतात, त्यात उशीर जाणवतो आणि माउस चालवताना तो नकोसा होतो.

डिस्प्लेपोर्ट या चित्र नेणाऱ्या दुसऱ्या पोर्टबद्दल एवढंच सांगतो की लांब साध्या केबलला तोही अपवाद नाही, वरच्या वेगांना २ ते ३ मीटरपुढे तोही अडखळतो. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयला जाणारी साधी अडॅप्टर केबल एकाच दिशेने चालते, उलटी चालत नाही. आणखी एक शक्यता बघून ठेवा, संगणक पडद्याजवळ ठेवून कीबोर्ड-माउस आणि नेटवर्क लांबून आणणं जमेल का? लांब करायची गोष्टच बदलली की सगळा त्रास मुळातून जातो, कारण कीबोर्डच्या सिग्नलचा वेग चित्राच्या मानाने फारच कमी असतो.

नवी केबल आली की भिंतीत घालण्याआधी जमिनीवर सरळ पसरवून, खऱ्या लॅपटॉप आणि प्रोजेक्टरला जोडून, फोर-के ६० वर किमान दोन तास चालवून बघा. मग हळूहळू भिंतीत ओढा आणि ओढून झाल्यावर पुन्हा तासभर तपासा, म्हणजे ओढताना काही बिघडलं असेल तर लगेच कळेल. एचडीएमआयच्या प्लगचं साचेबंद डोकं साधारण २० मिलिमीटर रुंद असतं, म्हणून २५ मिलिमीटरच्या पाइपात वळणावर ते अडकतं, ३२ मिलिमीटरचा असेल तर निघतं. वळणं ९० अंशाच्या कोपऱ्याऐवजी लांब बाकाची घ्या. केबलबरोबर एक मजबूत दोरी पाइपात कायम सोडून ठेवा, कारण ऑप्टिकल केबलचं डोकं बिघडलं तर ती जागच्या जागी दुरुस्त होत नाही, पूर्ण केबल बदलावी लागते.